साठीच्या अलीकडे

९ ऑक्टोबर

आज जेवणाच्या सुट्टीत फंडाच्या कार्यालयात जाऊन आले आणि घरी कुणालाच सांगितलं नाही. पोटात काही ठेवायची मला सवय नाही, म्हणून इथं लिहिते. वही ऐकून घेते आणि सल्ला देत नाही. हा गुण माणसांत फार थोड्यांकडे असतो.

काउंटरवरच्या बाईंनी वय विचारलं. त्रेपन्न म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रांग मोडून पुढे घुसले आहे. फंड साठीला मिळतो. तेव्हा घेतला तर सगळा आपला, त्यावर कर नाही. त्याआधी घेतला तर दहावा हिस्सा दंड, शिवाय काढलेली सगळी रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरतात.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही यंदा एकदम श्रीमंत," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

पैसे देताना पाचवा हिस्सा तिथंच कापून घेतात म्हणे. पाचवा हिस्सा जाईल हे मनाशी धरून मी परत आले. वाईट वाटतं, पण चार हिस्से उरतात.

दवाखान्याच्या तळघरातल्या माझ्या कार्यशाळेत आता काम उरलेलं नाही. पूर्वी वाकडे, सुजलेले, आखूड, बोटं गेलेले, सगळ्या तऱ्हेचे पाय आमच्याकडे यायचे आणि मी प्रत्येकासाठी वेगळा बूट घडवायचे. आता तयार सुखतळ्यांची खोकी येतात. लहान, मध्यम, मोठा. बुटात तेच सरकवून द्यायचं. मध्यम पाय मी अजून पाहिलेला नाही.

११ ऑक्टोबर

उस्तादांकडे गेले होते. मी विशीत असताना त्यांच्या हाताखाली कातडं कापायची रापी धरायला शिकले. आता ते शहात्तरचे आहेत आणि हात थरथरतो. चौकाच्या आतल्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. तिन्ही भिंतींवर छतापर्यंत कलबुतं. पायाच्या आकाराचे हे लाकडी ठोकळे, यांच्यावर कातडं चढवून बूट घडवतात. किती तरी गिऱ्हाइकांचे पाय तिथं टांगलेले आहेत. काही गिऱ्हाइकं गेली, पाय राहिले.

ते म्हणाले, दुकान सोडतोय, लेकाकडे राहायला जाणार, घ्यायचं असेल तर घे. किंमत सांगितली. मी कलबुतांकडेच बघत राहिले तेव्हा म्हणाले, "सावकाश ठरव. मी कुठं पळतोय?"

म्हातारी माणसं भिडेखातर असं म्हणतात. समोरचा मोबाईलची कव्हरं विकणारा त्यांच्या जागेवर डोळा ठेवून आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

१४ ऑक्टोबर

यांना सांगितलं. सकाळची पाळी करून घरी आले होते, पाय पाटावर ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नोकरी सोडणार, फंड काढणार, दुकान घेणार. एवढी वर्षं बस चालवून यांना एक सवय लागली आहे. मागे कितीही गोंधळ असो, मान वळत नाही.

आताही मान न वळवताच विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

मी म्हटलं, "उत्तरेला."

"मग उजेड बरा पडेल," एवढं म्हणाले आणि पान उलटलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि यांना खिडकीची पडलीय. नीट ऐकलंच नसावं.

२० ऑक्टोबर

रविवार. धाकटे भावजी जेवायला आले. ते करसल्लागार आहेत. लोकांचे हिशेब तपासून तपासून चेहराही वजाबाकीसारखा झाला आहे. हात धुवायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, दादा म्हणत होता फंड काढताय. यंदा काढू नका."

मग समजावत बसले. म्हणाले, यंदाचा तुमचा पगार आहेच, त्यावर ही रक्कम चढली की कराचा दर वरच्या पायरीवर जातो. कराचं वर्ष डिसेंबरात संपतं, तेव्हा नोकरी सोडा आणि पैसे जानेवारीत काढा. नव्या वर्षात पगार नाही, दर खालच्या पायरीचा. दंड दोन्हीकडे सारखाच, पण कर निम्म्यानं कमी. तोवर उस्तादांना थोडा विसार द्या. आणि काढायचा तर लागेल तेवढाच काढा, बाकीचा राहू द्या.

मी म्हटलं, पाचवा हिस्सा कापतातच ना तिथं?

"ती नुसती उचल आहे, वहिनी. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो. मुंडकं पुढच्या वर्षी कापतात, यंदा फक्त केस."

जेवणाच्या ताटावर असं बोलतं का कोणी? स्वतः कधी काही धाडस केलं नाही, दुसऱ्यानं केलं की यांच्या पोटात दुखतं. वर म्हणाले, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नका. पायांचं मला सांगताहेत.

यांनी भावजींना दोनदा वाढलं मात्र.

२ नोव्हेंबर

आज उस्तादांच्या दाराशी कव्हरवाला उभा होता. हातात मोजपट्टी. दाराची रुंदी मोजत होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, "या या." मला या म्हणणारा हा कोण? अजून दुकान त्याचं झालेलं नाही.

जानेवारीला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर हा माणूस आत जाऊन बसेल.

६ नोव्हेंबर

काढला. सगळा.

काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, पूर्ण की अंशतः? लागत होता निम्म्याहून थोडा जास्त. पण मी "पूर्ण" म्हटलं. का म्हटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर असं, की थोडा ठेवला असता तर मागे फिरायला वाट राहिली असती, आणि मी स्वतःला ओळखते. पुढच्या आठवड्यात मी परत तळघरात खोकी फोडत बसले असते. दवाखान्यातली चोवीस वर्षं मी वाटा मोकळ्या ठेवूनच चालले आहे.

बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा विचार करा."

मी सही केली. सही एरवीपेक्षा चांगली आली.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला आहे. म्हणाली, आई, म्हातारपणी काय करशील? मी म्हटलं, बूट. तिनं फोन आदळला नाही, हळूच ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

१ डिसेंबर

दुकानातला पहिला दिवस. उस्तादांनी किल्ली दिली आणि खुर्चीत बसून राहिले. जायचं नाव घेईनात. शेवटी त्यांनाच झाडू द्यावा का, असा विचार आला. मग लक्षात आलं, त्यांनी आयुष्यभर दुकान उघडलं आहे, सोडून कसं जायचं ते त्यांना माहीत नाही. मी त्यांना एक जुना बूट शिवायला दिला. तो झाल्यावर उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

कलबुतं उतरवून पुसली. खिडकीखाली नवं शिलाई मशीन बसवलं. उत्तरेचा उजेड खरंच फार चांगला आहे. सुई ओवायला चष्मा लागला नाही.

काम नव्हतं. तरी दिवसभर मला कामावर असल्यासारखं वाटलं. दवाखान्यात उलटं होतं.

१९ डिसेंबर

भावजी दुकानात आले. फंड काढल्यापासून आमचं धड बोलणं नव्हतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही, ते उभेच राहिले. तिन्ही बाजूंना कलबुतं, मधे काखेत छत्री धरलेले भावजी.

म्हणाले, एक सवलत आहे. काढलेल्यातला जो भाग खर्च झाला नसेल तो वर्ष संपायच्या आत परत फंडात भरला, तर त्यावर कर नाही आणि दंडही नाही. किती उरलेत?

मी म्हटलं, ते मी दुकानाच्या अडीअडचणीसाठी ठेवलेत.

"अडचण एप्रिलमध्ये येणार आहे, वहिनी. मी ती लांबून बघतोय. भरून टाका."

मी काही कबूल केलं नाही. जाताना त्यांनी दाराच्या उंबऱ्यावर पाय आपटून माती झाडली. उजवी टाच आतून झिजलेली दिसली. चवडा आत पडतो त्यांचा. त्यांना सुखतळा लागेल. पण मी कशाला सांगू.

२८ डिसेंबर

भरले. हे सकाळी म्हणाले, माझी बस त्या कार्यालयावरून जाते, येतेस तर चल. मी पुढच्या बाकावर बसले. यांनी थांबा आल्यावर दार उघडून नुसतं माझ्याकडे पाहिलं. बस थांबवून बायकोची वाट बघणारा ड्रायव्हर मागच्या लोकांना कसा चालेल, म्हणून मी उतरले. उतरल्यावर करायचं काय? भरले.

काउंटरवरच्या बाई पहिल्यांदाच हसल्या.

२३ जानेवारी

आज लिहायलाच हवं.

एक शिक्षिका आहेत. त्यांचा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. आजवर एका बुटाला खालून जाड तळ ठोकून वापरायच्या. लांबूनच कळायचं. मी उंची बाहेर न दाखवता आतून वाढवली. थोडी टाचेत, थोडी सुखतळ्यात. दोन्ही बूट बाहेरून सारखे. चार वेळा उसवून पुन्हा केले.

घालून उभ्या राहिल्या आणि एकदम भिंतीला धरलं. म्हणाल्या, "भिंत सरळ झाली का?"

मी म्हटलं, "भिंत होती तशीच आहे."

मग दुकानातून बाहेर गेल्या, कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. परत येताना सरळ आल्या नाहीत, लांबच्या रस्त्यानं वळसा घेऊन आल्या. मी दारात उभी होते. समोरून कव्हरवालाही बघत होता. त्या निघून गेल्यावर तो म्हणाला, "कोण होत्या?" जणू कोणी मोठं माणूस येऊन गेलं.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी दोनदा सांगायला लावलं.

१५ फेब्रुवारी

गिऱ्हाईक हळूहळू येतं. एकाचं समाधान झालं की तो दुसरा पाय पाठवतो. भाडं नाही, मालक नाही, जिना नाही. दुपारी पाळी संपवून हे चहा घेऊन येतात. मी एवढी खूश आहे की कोणाला सांगायची भीती वाटते.

३ एप्रिल

आला. कर.

भावजींनी हिशेब करून आणला. दवाखान्याचा पगार, वर फंडाचा न परतवलेला भाग, वर दंड. त्यातून पाचवा हिस्सा कापला होता तो वजा. तरी बाकी निघालीच. माझ्या नव्या शिलाई मशीनच्या किमतीहून थोडी जास्त.

मला हे सगळं नोव्हेंबरातच कळायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही असंही म्हणता येत नाही.

भावजी म्हणाले, "परत भरले नसते तर अशी चार मशीनं गेली असती."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

५ एप्रिल

मशीन विकलं तर कर फिटतो. मशीन विकलं तर दुकान कशाला ठेवायचं? काल दिवसभर हातानंच शिवत बसले, सवय असावी म्हणून. हाताचा टाका जास्त टिकतो हे खरं, पण मनगट त्रेपन्न वर्षांचं आहे. चोपन्न, परवापासून.

लेकीचा फोन आला. मी सगळं छान आहे म्हटलं. ती म्हणाली, काकांनी सांगितलंय मला. या घरात गुपित ठेवायचं तर आधी भावजींच्या तोंडात बोळा कोंबायला हवा. पण मग म्हणाली, तू म्हातारपणी काय करशील असं मी विचारलं होतं ना, तुझ्या त्या शिक्षिकाबाईंचं ऐकल्यापासून मला ते विचारल्याचं वाईट वाटतंय. मी म्हटलं, विचारत जा. विचारणारं कोणी असावं.

११ एप्रिल

भावजींबरोबर कर कार्यालयात गेले. मला वाटलं होतं तिथं दरडावतील. एक तरुण अधिकारी होता, डोळ्यांत झोप, टेबलावर कुंडी. भावजींनी हप्त्यांसाठी अर्ज दिला. त्यानं विचारलं, व्यवसाय? मी म्हटलं, वाकड्या पायांचे बूट. त्यानं टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. वर्षभराचे हप्ते मंजूर झाले, थोडं व्याज धरून.

बाहेर पायऱ्यांवर मी भावजींना म्हटलं, हप्ताही जड जाईल, पण परतवलेले पैसे पुन्हा काढले तर?

एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "हात लावायचा नाही त्याला. साठीच्या अलीकडे काढायचं वेड एका घरात एकदाच पुरे. दादालाही मी हेच सांगितलंय."

म्हणजे यांच्याकडे माझ्या वेडाच्या गोष्टी करून आले. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? घरी येऊन यांना विचारलं, भावजी तुम्हाला काय म्हणाले? हे म्हणाले, काही नाही, फंडाचं चाललं होतं. आणि अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्यांना सकाळीच घातलेलं होतं.

१९ एप्रिल

यांची निवृत्ती पुढच्या महिन्यात होती. आज सांगत आले की डेपोनं आणखी दोन वर्षं विचारली आणि यांनी हो म्हटलं. नदीकाठी गळ टाकून बसणार होते, गळसुद्धा आणून ठेवलाय. मी विचारलं, असं का? म्हणाले, "नवीन गाड्या आल्यात. एकदा चालवून बघाव्यात."

शिवाय तुटक पाळी घेतलीय. पहाटे चार तास, संध्याकाळी चार तास, मधली दुपार मोकळी. तुटक पाळीला पैसे जास्त देतात, कारण ती कोणालाच नको असते. यांना मात्र आवडते म्हणे, दुपारी माझ्या दुकानात येता येतं.

काही माणसांना घरी रमताच येत नाही. बसशिवाय यांना करमत नाही हेच खरं. मी नदीचा विषय काढला नाही, उगाच हिरमोड नको.

२२ जून

तीन हप्ते गेले. पहिल्याला धडधडलं, तिसऱ्याला पावतीही घडी करून ठेवायची विसरले.

आज पावसानं गल्लीत माणूस नव्हतं. कव्हरवाला माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं. एवढे महिने समोरासमोर असून तो पहिल्यांदाच आत आला. बोलता बोलता मी म्हटलं, तुम्ही ही जागा घेणार होतात ना, दारसुद्धा मोजलं होतं.

तो म्हणाला, "ते मी उस्तादांसाठीच मोजत होतो. दाराला नवीन पट्टी बसवायची होती, त्यांच्यानं वाकवत नव्हतं. जागेचं मी गेल्या उन्हाळ्यातच विचारलं होतं. म्हणाले, दुकान दिलंय. मी विचारलं, कोणाला? तर म्हणाले, एक बाई आहे, तिला अजून माहीत नाही."

मी हातातली रापी खाली ठेवली. मग त्याला चहा पाजला.

म्हणजे उस्ताद जानेवारीपर्यंत थांबले असते. पुढच्या जानेवारीपर्यंतही थांबले असते. मी कुठं पळतोय, हे ते सरळच म्हणाले होते. घाई त्यांना नव्हती, कव्हरवाल्याला नव्हती. मला होती, आणि त्या घाईची किंमत भावजींनी आकड्यांत काढून दिली आहे.

पण इथं एक लिहिते, दुसरीकडे कुठं बोलायची नाही. जानेवारीपर्यंत थांबले असते तर कर वाचला असता, हे खरं. आणि जानेवारीपर्यंत थांबले असते तर मी कधीच काढला नसता, हेही खरं. हे दुसरं भावजींच्या हिशेबात कुठं बसत नाही.

३० जून

भावजींचं माप घेतलं. त्यांनी मागितलं नव्हतं. मीच म्हटलं, बूट काढा. उजवा चवडा आत पडतो, म्हणून गुडघा दुखत असणार. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, मी ती अडचण डिसेंबरपासून लांबून बघतेय.

ते हसले. वजाबाकीचा चेहरा हसल्यावर बराच बेरजेसारखा दिसतो. पैसे द्यायला लागले. मी म्हटलं, तुमची फी किती झाली ते सांगा. त्यांनी पाकीट परत ठेवलं.

१२ ऑगस्ट

दवाखान्यातून माणूस आला. तळघरातली खोकी खपली नाहीत. लहान, मध्यम, मोठा यांत लोकांचे पाय मावेनात. आता ते अवघड पाय माझ्याकडे पाठवणार, महिन्याला ठरलेलं काम. मी फार आनंद दाखवला नाही. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून एकटीच हसले.

या महिन्याचा हप्ता दुकानानं एकट्यानं भरला. यांनी दिलेले जास्तीच्या पाळीचे पैसे तसेच घरखात्यात पडून आहेत. सांगायचं राहून गेलं.

२७ ऑक्टोबर

आज दुपारी हे आले, पण हातात चहा नव्हता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझं माप घेतेस का? पैसे देईन."

मला आधी हसू आलं. यांना डेपोचे बूट मिळतात, ठरलेल्या नंबरचे. घरात कधी लागलेच नाहीत, म्हणून मी यांचे पाय कधी हातात घेतलेच नव्हते. सगळ्या गावाचे घेतले. म्हटलं, बूट काढा.

डावा घोटा सुजलेला होता. नुसता आजचा नाही. कातडीला बुटाच्या कडेची खूण कायमची पडली आहे. क्लचचा पाय. टाचेखाली घट्टा, आणि चवड्याचा भार सगळा बाहेरच्या कडेवर. दुखणं चुकवत चालणारा माणूस असा पाय टाकतो. मी रोज अनोळखी लोकांचे पाय असे वाचते आणि त्यांना सांगते, तुम्ही फार उभे राहता, तुम्ही विश्रांती घेत नाही. दवाखान्यात मी एक गोष्ट शिकले आहे. तोंड काहीही सांगो, पाऊल खोटं बोलत नाही.

मी विचारलं, "कधीपासून?"

"नव्या गाड्यांची पेडलं जरा कडक आहेत."

"कधीपासून विचारलं."

हे खिडकीकडे बघायला लागले. म्हणाले, उन्हाळ्यापासून.

मग मला सगळं एकदम दिसलं. गळ अजून दाराआड उभा आहे. तुटक पाळी कोणालाच आवडत नाही. आणि भावजी पायऱ्यांवर चिडून बोलले होते ते माझ्याबद्दल नव्हतंच. मी पाय मांडीवर तसाच धरून बसले.

"तुम्हीही काढायला निघाला होतात ना? तुमचा फंड."

"अर्ध्या वाटेवर गेलो होतो," हे म्हणाले. "त्यानं हाकलून दिलं."

"बरं केलं."

"हो. त्याला कळतं त्यातलं."

एवढंच. नवरा-बायकोनं एवढ्या वर्षांनी बोलायचं ते एवढंच असतं बहुतेक. मी सांगितलं की ऑगस्टपासून हप्ता दुकान भरतंय, मार्चमध्ये संपतो, आणि तुमचे जास्तीचे पैसे पडून आहेत. उद्या डेपोत जाऊन तुटक पाळी सोडायची, सरळ सकाळची घ्यायची. वर्षअखेर तीही सोडायची. यांनी विचारलं, "दुकान खरंच भरतंय?" मी म्हटलं, खरंच. यांनी मान डोलावली आणि खुर्चीत मागे टेकले.

कागदावर पावलाची रेघ काढायची तर पाय हलता कामा नये. मी पेन्सिल फिरवत होते, करंगळीपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, पाय अगदीच हलत नाहीये. वर पाहिलं तर झोपले होते. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर, पाय माझ्या कागदावर.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. दवाखान्यातून पाठवलेले, हातात चिठ्ठी, बरेच घाईत. खुर्ची रिकामी नाही हे पाहून हळूच म्हणाले, "हे झोपलेत का?"

"हो."

"मग तोवर माझं माप घेता का? मला लवकर जायचंय."

मी म्हटलं, "यांचा नंबर आधीचा आहे. तुम्ही बसा."